परकराची नाडी आणि वजनकाटा

समजा, साठीच्या आसपासची एक बाई गावातल्या उपकेंद्रात मधुमेहाच्या तपासणीसाठी आली आहे. उंची 150 सेंटीमीटर, वजन 50 किलो, साखरेची गोळी आठ वर्षांपासून चालू. वजन मागच्या वर्षीइतकेच भरल्याचे तिला सांगितले जाते. उंची-वजनाचा हिशेब केला तर बॉडी मास इंडेक्स 22.2 येतो, म्हणजे आशियाई लोकांसाठी सुचवलेल्या 23 च्या मर्यादेच्या आत, आणि निदान या रकान्यापुरते तरी काळजीचे कारण उरत नाही. तिला स्वतःला मात्र वेगळेच काही माहीत असते. परकराच्या नाडीची गाठ मारल्यावर उरणारी टोके वर्षागणिक आखूड होत गेली आहेत, ब्लाउजची शिवण दोनदा उसवून झाली आहे, आणि हातातल्या बांगड्या मात्र सैल झाल्या आहेत. साडी हे मोठे सोयीचे वस्त्र आहे; ते कुठल्याही अंगाला बसते, त्यामुळे पँटचा पट्टा पुरुषाला जे वेळेवर सांगतो ते साडी बाईला सांगत नाही. सांगते ती नाडी, आणि तपासणीच्या टेबलाशी तिची चौकशी सहसा होत नाही.

माझे म्हणणे असे आहे की, पाळी गेलेल्या मधुमेही बाईच्या बाबतीत वजन हा आकडा अपुरा तर आहेच, पण पुष्कळदा तो दिशाभूल करणाराही आहे. तिच्या कार्डावर प्रत्येक भेटीत मोजलेला कंबरेचा घेर आणि पाळी थांबली तेव्हाचे वय या दोन नोंदी असल्याच पाहिजेत, आणि उपचाराचा सल्ला ‘वजन कमी करा’ या तीन शब्दांवर थांबता कामा नये. वैद्यकशास्त्राला यात नवे काही नाही. नवे नसूनही ते अमलात येत नाही, यासाठी हा लेख.

चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे याला महत्त्व आहे, ही गोष्ट मार्सेयचे फ्रेंच डॉक्टर झाँ व्हाग यांनी 1947 मध्ये मांडली. लठ्ठपणाची एक ठेवण पुरुषी, ज्यात चरबी धडाच्या वरच्या भागात आणि पोटाशी साठते; दुसरी बायकी, ज्यात ती नितंब आणि मांड्यांवर राहते. मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार पहिल्या ठेवणीच्या मागे लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. या विभागणीतली मेख अशी की बाई आयुष्यभर ‘बायकी’ ठेवणीत राहत नाही. पाळी गेल्यावर ती हळूहळू दुसऱ्या गटात जाते, आणि जाताना वजनकाट्याला पत्ताही लागू देत नाही.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक पदर आहे, आणि तो पुण्यात उलगडला गेला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3, म्हणजे जवळपास आपल्या उपकेंद्रातल्या बाईइतकाच; पण शरीरातल्या चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. त्याआधी याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांची मापे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली होती. इथले बाळ सरासरी 2.7 किलोचे, तिथले 3.5 किलोचे, पण इथल्या बाळाच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती, कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. बारीक हातापायांची आणि सुटलेल्या पोटाची ठेवण, जिला आपण ‘वयानुसार होतंच’ म्हणून सोडून देतो, तिची सुरुवात अशी पाळण्यापासून झालेली असते. रजोनिवृत्ती त्यावर दुसरा थर चढवते.

हा दुसरा थर कसा चढतो ते थोडे सविस्तर पाहायला हवे, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. पाळी चालू असते त्या वर्षांत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या प्रभावाखाली नितंब आणि मांड्यांवरच्या चरबीपेशी स्निग्धांश सहज साठवतात आणि सहजासहजी सोडत नाहीत. गरोदरपण आणि अंगावर पाजण्याचा काळ यांसाठी राखलेली ती शिल्लक असते. ही चरबी निरुपद्रवी असते, एवढेच नव्हे तर ती एका अर्थी उपकारकही असते, कारण रक्तात फिरणारे स्निग्धाम्ल ती आपल्याकडे ओढून घेते आणि यकृताला व स्नायूंना त्यांचा भार होऊ देत नाही. बीजांडकोशांतून येणारे इस्ट्रॅडिऑल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, संपत आले की ही तिजोरी बंद होऊ लागते आणि जादा चरबी पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती साठते. तिथून निघणारे स्निग्धाम्ल यकृताकडे जाणाऱ्या शिरेत थेट उतरते. यकृतात चरबी साठली की ते इन्सुलिनचे ऐकेनासे होते आणि रात्रभर उपाशी असतानाही साखर तयार करत राहते. रात्री अर्धीच भाकरी खाऊन सकाळी उपाशीपोटीची साखर चढलेली दिसते आणि घरचे बाईकडे संशयाने पाहू लागतात, त्यामागे पुष्कळदा हे यकृत असते. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरातल्या जवळपास प्रत्येक फायलीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असे लिहिलेला सोनोग्राफीचा कागद सापडतो; तो वाचून ‘हे सगळ्यांनाच असतं’ असे म्हणण्याची पद्धत पडली आहे.

अमेरिकेत 1996 मध्ये सुरू झालेल्या ‘स्वान’ या दीर्घकालीन अभ्यासात मध्यमवयीन स्त्रियांच्या शरीरातली चरबी आणि स्नायू वर्षानुवर्षे मोजले गेले. शेवटच्या पाळीच्या सुमारे दोन वर्षे आधी चरबी वाढण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो, त्याच सुमारास स्नायू घटू लागतात, आणि शेवटच्या पाळीनंतर सुमारे दोन वर्षांनी ही गती स्थिरावते, असे त्यात आढळले. याच काळात वजनाचा आलेख मात्र आधीच्याच चढणीने जात राहतो, त्यात कुठे वळण दिसत नाही. आत एक गोष्ट वाढते आणि दुसरी घटते, काट्याला फक्त बेरीज कळते.

मधुमेही बाईत यापुढचा एक फेरा सुरू होतो. पाळी गेल्यावरही बीजांडकोश आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी काही प्रमाणात पुरुषी संप्रेरके तयार करत राहतात. रक्तात ही संप्रेरके बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृत बनवते. डॉक्टर त्याला एसएचबीजी म्हणतात. रक्तातले इन्सुलिन वाढले आणि यकृतात चरबी साठली की हे प्रथिन कमी होते, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे मोकळे प्रमाण वाढते, आणि पोटातल्या चरबीशी व इन्सुलिनच्या दुबळेपणाशी त्याची सांगड पुन्हा बसते. हे प्रथिन ज्यांच्यात कमी असते त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो, हे 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवले. टेस्टोस्टेरॉनचा हिशेब तर बाई आणि पुरुष यांच्यात उलटा आहे: पुरुषात ते कमी असले तर मधुमेहाचा धोका वाढतो, बाईत जास्त असले तर. हनुवटीवर आलेले चार राठ केस बाई आरशासमोर गुपचूप उपटून टाकते आणि दवाखान्यात त्याबद्दल अवाक्षर काढत नाही; तिला कुणी विचारतही नाही.

शिवाय पाळी गेली म्हणजे शरीरातले इस्ट्रोजेन संपले, ही समजूतही अर्धीच खरी आहे. चरबीपेशी पुरुषी संप्रेरकांपासून इस्ट्रोन नावाचे सौम्य इस्ट्रोजेन तयार करतात, आणि चरबी जितकी जास्त तितके ते जास्त. त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन हे दुसरे स्त्री-संप्रेरक मात्र आता येत नसते, म्हणून गर्भाशयाच्या अस्तराला सतत चिथावणी मिळत राहते. लठ्ठपणा आणि मधुमेह ही दोन्ही गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची मान्य जोखीमकारणे आहेत.

आता मोजदादीकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, देशभर प्रथमच कंबर आणि नितंबांचा घेर मोजला गेला. त्यातले दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. बॉडी मास इंडेक्सनुसार 24.0 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्या. कंबर आणि नितंब यांच्या गुणोत्तरानुसार मात्र 56.7 टक्के स्त्रिया धोक्याच्या रेषेच्या, म्हणजे 0.85 च्या, वर होत्या. सर्वेक्षण तेच, त्याच स्त्रिया, आणि उत्तरात दुपटीहून अधिक अंतर. पण मला यातली खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. ही मापे ज्यांची घेतली त्या स्त्रिया 15 ते 49 वयाच्या होत्या. साखर आणि रक्तदाब पुढच्या वयातही तपासले गेले, टेप मात्र एकोणपन्नासाव्या वर्षी गुंडाळला गेला. भारतीय स्त्रीची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास थांबते हे लक्षात घेतले, तर ज्या दशकात चरबीची जागा बदलते नेमक्या त्याच दशकाच्या उंबरठ्यावर आपण मोजणे थांबवतो. यामागे कुणाचा वाईट हेतू आहे असे नाही. सर्वेक्षणाची घडणच जननक्षम वयाभोवती झालेली आहे, आणि बाईच्या आरोग्याचा अर्थ माता-आरोग्य असा लावण्याची सवय आपल्या साऱ्या व्यवस्थेत मुरली आहे. न्याय म्हणून हेही सांगायला हवे की, मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये हाती घेतलेल्या वृद्धत्वाच्या अभ्यासात पंचेचाळिशीपुढच्या स्त्री-पुरुषांची कंबर मोजली गेली. म्हणजे मोजणे अशक्य नाही. संशोधनात ते होते, नेहमीच्या तपासणीत होत नाही.

नेहमीच्या तपासणीतही टेप अगदीच नाही असे नव्हे. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई जो तक्ता भरतात, त्यात कंबरेचा घेर आहे. बाईसाठी 80 सेंटीमीटरपर्यंत शून्य गुण, 81 ते 90 ला एक आणि 90 च्या पुढे दोन. पण हा तक्ता आजार शोधण्यासाठी आहे. एकदा मधुमेही म्हणून नाव नोंदले गेले की माझ्या पाहण्यात तरी टेप पुन्हा क्वचितच निघतो. मग साखर, रक्तदाब आणि गोळ्यांची पट्टी एवढ्यावर भेट आटोपते. त्याच तक्त्यात स्त्रियांसाठी वेगळे प्रश्न आहेत, आणि पाळी गेल्यावर रक्तस्राव होतो का, हा त्यांतला एक. प्रश्न योग्य आहे, कर्करोगाच्या संशयासाठी तो हवाच. परंतु पाळी कितव्या वर्षी गेली, हे मात्र तिथे विचारलेले नाही. जणू पाळी जाणे या घटनेला कर्करोगापलीकडे अर्थच नाही.

हा प्रश्न महाराष्ट्राला विशेष लागू आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीला 2019 मध्ये पाहणी केलेल्या सुमारे ब्याऐंशी हजार स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या वेळी चर्चा झाली ती शोषणाची, मुकादमाची, बुडणाऱ्या मजुरीची आणि खासगी दवाखान्यांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले गेले असतील, तर त्या बाईला पस्तिशीत एका दिवसात रजोनिवृत्ती येते, आणि बीजांडकोश ठेवले तरी ते एरवीपेक्षा लवकर थकण्याची शक्यता वाढते. चरबीच्या स्थलांतराचा जो काळ इतर बाईला पन्नाशीत गाठतो, तो हिला दहा-पंधरा वर्षे आधी गाठतो. आज चाळिशी-पंचेचाळिशीत असलेली अशी एखादी बाई मधुमेहाच्या तपासणीला आली, तर तिच्या वयावरून तिला कमी धोक्याची मानले जाईल. पाळी केव्हा थांबली आणि कशी थांबली, हा एक प्रश्न विचारला असता तर चित्र पालटले असते.

यावर काही आक्षेप येतात. पहिला असा की, वजन वयाने वाढते, रजोनिवृत्तीने नव्हे. तो बराचसा खरा आहे, आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. वजनाची वाढ मुख्यतः वयाची असली तरी चरबीची जागा बदलण्यात संप्रेरकांचा हात आहे, आणि वजनाला हा बदल दिसत नाही हीच तर तक्रार आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: कंबर मोजून उपचार बदलणार का, साखर तर बदलत नाही.

बदलायला हवा, असे माझे उत्तर आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी आणि इन्सुलिनने वजन वाढू शकते. मेटफॉर्मिनने सहसा वाढत नाही. पायोग्लिटाझोन चरबीला पोटातून त्वचेखाली सरकवते आणि यकृताला दिलासा देते, परंतु पाळी गेलेल्या बाईत त्याने हाड मोडण्याचा धोका वाढतो. म्हणजे औषधाची निवड करताना चरबी कुठे आहे आणि पाळी जाऊन किती वर्षे झाली, या दोन्ही गोष्टी समोर असाव्या लागतात. अलीकडे सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड यांसारख्या साखर आणि वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा बोलबाला आहे. ती प्रभावी आहेत यात शंका नाही. पण त्यांनी घटणाऱ्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो, आणि जिचे हातपाय आधीच काटकुळे आहेत अशा साठीच्या बाईत हा वाटा नजरेआड करून चालत नाही. शिवाय मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका बाईत पुरुषापेक्षा जास्त पटीने वाढतो, पाळी चालू असताना तिला मिळणारे संरक्षण मधुमेह हिरावून घेतो, आणि कंबर त्या धोक्याचीही खूण आहे.

औषधांपेक्षा मोठा बदल सल्ल्यात व्हायला हवा. ‘कमी खा, वजन उतरवा’ हे ऐकून बाई काय करते? एक वेळचे जेवण सोडते, उपवास वाढवते, आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाते, जिच्या साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काही नसते. वजन दोन किलोने उतरते, ते बहुधा जिथून उतरू नये तिथूनही. जेवणानंतर रक्तातली साखर उचलणारा सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू, आणि सल्ला त्यांनाच उपाशी ठेवतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. आपल्या 50 किलोच्या बाईला सुमारे 42 ग्रॅम. सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर तळाशी उरलेल्या पातळ वरणावर हा आकडा गाठला जात नाही. तिला सांगायला हवे ते हे की, मटकी, हरभरा, दही, शेंगदाणे, चालत असेल तर अंडे, यांचा ताटातला वाटा वाढव. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचार. आणि चालण्याबरोबर खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस कर. ‘दिवसभर कामच करते, आणखी व्यायाम कसला’ या तिच्या प्रश्नात तथ्य आहे. पण घरकाम थकवते म्हणून ते स्नायू वाढवतेच असे नाही, हे तिला न हिणवता समजावून सांगावे लागते.

संप्रेरकच कमी पडले असेल तर तेच बाहेरून का देऊ नये, असाही विचार मनात येतो, आणि तो मूर्खपणाचा नाही. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’मध्ये सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध) यांची एकत्रित चाचणी झाली आणि स्तनाचा कर्करोग, पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्या यांच्या धोक्यामुळे ती 2002 मध्ये आधीच थांबवावी लागली. त्याच चाचणीत ही औषधे घेणाऱ्या गटात नव्या मधुमेहाचे प्रमाण सुमारे पाचव्या हिश्शाने कमी आढळले होते, हेही खरे. तरीही केवळ मधुमेह टाळण्यासाठी ही औषधे देऊ नयेत, अशीच आज तज्ज्ञ संस्थांची भूमिका आहे. अंगातून वाफा येणे असह्य झाले असेल, पाळी नुकतीच गेली असेल, तर डॉक्टरांनी धोका तोलून ती द्यावीत, हा वेगळा विषय. संप्रेरकांची चर्चा आली की ‘मग गोळी द्या’ इथवर धावत जाणारा उत्साह मला म्हणूनच धास्तावतो. पाळी गेल्याचे वर्ष लिहून ठेवण्याची मागणी ही औषध सुरू करण्याची मागणी नव्हे.

राहिला तिसरा आक्षेप, टेप अचूक नसतो हा. तो खरा आहे. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, टेप न आवळता माप घ्यायचे असते; ही जागा नाडीची नव्हे, आणि साडीच्या निऱ्या, परकर आणि वर पदर एवढ्यावरून टेप फिरवला तर चार-पाच सेंटीमीटर सहज इकडेतिकडे होतात. 80 आणि 90 यांच्यामधल्या दहा सेंटीमीटरवर धोक्याचे गुण ठरत असतील, तर एवढी चूक परवडणारी नाही. त्यासाठी नाडी सैल करावी लागते. भरल्या शिबिरात, रांगेतल्या पुरुषांसमोर, कुठलीही बाई ती सैल करणार नाही आणि कुठलीही आशाताई तिला तसे सांगणार नाही. टेप जवळपास प्रत्येक उपकेंद्रात असतो. जिथे पडदा नाही तिथे आधी पडदा लावावा लागेल.